हाड मोडतं तेव्हाचा आवाज

तालमीत माणसाला चीत करायला शिकवतात, मोडायला नाही. मोडायचं खंडोजी बंगळूरात शिकला.

ब्याण्णव साली निपाणीजवळच्या आपल्या खेड्यातून तो इथं आला, तेव्हा त्याची मान इतकी जाड होती की सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. दासरहळ्ळीत थोरली बहीण होती, विमलाअक्का. नवरा वारल्यावर ती घरीच शिवणकाम करून राहायची. तिनंच ओळखीनं त्याला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात चिकटवलं. भट्टीतून लालभडक लोखंडाचा तुकडा बाहेर काढायचा, सांडशीत धरून खाली ठेवायचा आणि वरून यंत्राचा घण पडायचा. जमीन हादरायची, दात हादरायचे. एकदा लोखंडाची उडालेली कपची शेजारच्या माणसाच्या गालातून आरपार गेली. त्याचं रक्त तापल्या लोखंडावर पडलं आणि चुर्र करून उडून गेलं. मुकादमानं त्याला रिक्षात घातलं आणि घण पुन्हा सुरू केला.

पंच्याण्णवला कंत्राटी कामगारांनी संप केला. कामगार पुरवणारा कंत्राटदार गंगप्पा जीपमधून उतरला, संपात न उतरता आत उभ्या असलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि खंडोजीच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "हा दंड लोखंड उचलण्यात काय वाया घालवतोस?" त्याच दुपारी गेटाबाहेर पत्रकं वाटणाऱ्या एका माणसाचा खंडोजीनं जबडा फोडला. एकच ठोसा. घरी आल्यावर बोट ठणकायला लागलं तेव्हा अक्कानं सुई तापवून जखम उकरली, तर आत दाताचा तुकडा.

"कुणाचा रे हा?" अक्कानं विचारलं.

"ठाऊक न्हाई."

अक्कानं तो तुकडा गटारात टाकला आणि साबण लावून लावून कितीतरी वेळ हात धुतले. त्या दिवसापासून ती त्याला वाढायची आणि आपलं ताट घेऊन मशिनीपाशी जाऊन बसायची.

त्यानंतर खंडोजी नावाला कारखान्यात होता. खरं काम गंगप्पाचं. जागा सोडत नाही त्या भाडेकरूच्या नडग्या फोडायच्या, युनियनचं नाव काढणाऱ्याला शेडमागं नेऊन लोळवायचं, दुसऱ्या कंत्राटदाराचा माणूस आला तर त्याचं डोकं त्याच्याच जीपच्या बॉनेटवर आपटायचं. राग वगैरे काही नसायचा त्याला. शिफ्ट संपल्यावर कामगार हात धुतो तसा तो हात धुवायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गंगप्पानं त्याला एका रविवारी कनकपुरा रस्त्यावरच्या आंबराईत पाठवलं. कॉम्प्युटरच्या कंपन्यांत काम करणारी पोरंपोरी तिथं दुपारभर गाणी लावून नाचणार होती, आणि बागेच्या मालकाला बंदोबस्ताला माणूस हवा होता. खंडोजी जाऊन उभा राहिला तो नेमका स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून. गाणारं कुणी नव्हतं, तबला-पेटी नव्हती. आंब्याखाली एक बुटकी, चष्मेवाली बाई टेबलावरच्या पेट्यांची बटणं फिरवत होती.

आणि मग तो ठोका आला. पाठीतून शिरला आणि छातीतून बाहेर पडला. दुसरा आला. तिसरा आला. खंडोजीनं आपोआप गुडघे सैल सोडले, घणापाशी उभं राहताना सोडायचा तसे. तोच दणका होता, पण इथं ना काही वितळत होतं, ना काही ठेचलं जात होतं. समोर माणसं डोळे मिटून तो दणका अंगावर घेत होती आणि हसत होती. आपण रडतोय की काय, अशी त्याला भीती वाटली.

तेवढ्यात दारू चढलेल्या एकानं एका मुलीचा हात ओढला. ती किंचाळली. खंडोजी दोन ढांगांत पोचला. पहिल्या फटक्यात त्या माणसाचं नाक गेलं. तो खाली पडल्यावर खंडोजी त्याच्या बरगड्यांवर लाथा घालत राहिला, त्या ठोक्यावर, ठोका चुकू न देता. ते लक्षात येताच त्या चष्मेवाल्या बाईनं खटकन आवाज बंद केला.

ती धावत आली. "पागल हो क्या? मर जाएगा वो!"

"बंद का केलासा?" खंडोजीच्या तोंडून मराठी निघालं.

ती थबकली. "तुम्ही मराठी? अहो, माणूस मरतोय तिकडे आणि तुम्ही म्युझिक का बंद केलं विचारताय?"

"त्यो मरत न्हाई. बरगड्याच हाईत." त्यानं स्पीकरकडं बोट दाखवलं. "ते लावा की परत."

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त होतं आणि डोळे ओले होते. तिचं नाव मैत्रेयी. मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी. जखमी माणसाला कुणाच्या तरी गाडीत घालून पाठवल्यावर ती परत आली आणि म्हणाली, "रविवारी दुपारी आम्ही बळेपेटेत भेटतो. रोशनच्या शेडमध्ये. ऐकायचं असेल तर या. पण तिथे कुणाच्या अंगाला हात लावलात तर मी स्वतः पोलीस बोलवीन."

रोशनच्या आजोबांपासून त्यांचं बळेपेटेत लग्नसमारंभांना कर्णे भाड्यानं द्यायचं दुकान. घरात मराठी बोलायचे, तीही निम्मी कन्नड. दुकानामागच्या शेडमध्ये दर रविवारी काही मंडळी जमायची. एक दातांची डॉक्टरीण होती, एक ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा होता, बाकी कॉम्प्युटरवाले. कुणाकडं ठोके वाजवणारं जुनं मशिन होतं, कुणाकडं परदेशातून आलेल्या कॅसेटी. जे असेल ते मधे ठेवायचं आणि ज्याला सुचेल त्यानं बसायचं. एकानं केलेलं दुसरा मोडायचा, तिसरा त्यातलं अर्धं उचलून भलतंच काही करायचा. भांडणं व्हायची, मग चहा यायचा. खंडोजी कोपऱ्यात पोत्यावर बसायचा. आजवर तो खोलीत शिरला की माणसं गप्प व्हायची. इथं कुणी गप्प होत नव्हतं. "स्वल्प सरक अण्णा, वायर आहे खाली," असं म्हणून रोशन त्याच्या मांडीवर पाय देऊन पलीकडं जायचा.

काही महिने त्यानं फक्त स्पीकर उचलले. मग एकदा मैत्रेयीनं त्याला छोटा टेपरेकॉर्डर दिला. "तुम्हाला जे ऐकू येतं ते घेऊन या."

त्यानं घण आणला. शेडमध्ये सॅम्पलर नावाची एक पेटी होती. कुठलाही आवाज तिच्यात भरला की बोटाखाली तो हवा तेव्हा वाजायचा. मैत्रेयीनं घण त्यात भरला आणि म्हणाली, "दाबा." त्यानं तर्जनीनं काळं रबरी बटण दाबलं आणि अख्ख्या शेडचे पत्रे थरथरले. त्यानं हात झटकन मागं घेतला. मग पुन्हा दाबलं. मग तासभर दाबतच राहिला.

त्याचं पहिलं संगीत म्हणजे नुसता धिंगाणा. रोशन कानात बोटं घालून म्हणाला, "अण्णा, ह्याच्यावर कोण नाचणार? लोक पळून जातील रे!" सगळे हसले, आणि आश्चर्य म्हणजे खंडोजीही हसला. मैत्रेयीनं त्याला जागा सोडायला शिकवली. दोन दणक्यांच्या मधे काय ठेवायचं, काय काढून घ्यायचं, एकच दणका कुठं मुका करायचा. शिकायला त्याला फार वेळ लागला, पण वेड लागलं ते लागलंच. बसचं दार, अक्काची शिवणमशिन, नारळ फोडणारा कोयता, सगळं त्याच्या कानात वेगवेगळं होऊन पडायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी घडवत होता आणि ते ऐकून लोक "पुन्हा लाव" म्हणत होते.

पण सोमवार ते शनिवार तो गंगप्पाचाच होता. आणि कान उघडला तो तिथंही उघडला. गालावर बसलेली थप्पड कोरडी असते, पाठीवरचा बुक्का ओला, पोटातली लाथ तर वाजतच नाही, वाजतो तो माणसाचा श्वास. मारता मारता तो हे ऐकायला लागला. काही माणसांना त्यानं लागायचं त्याहून जास्त मारलं, ते केवळ ऐकण्यासाठी.

अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला गंगप्पानं त्याला वासुदेव नावाच्या टर्नरचं काम सांगितलं. हा वासुदेव कंत्राटी माणसांना पुन्हा गोळा करत होता. "उजवा हात," गंगप्पा म्हणाला. "जीव नको. हात."

खंडोजीनं टेपरेकॉर्डर खिशात घातला. बटण दाबून.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं वासुदेवला बंद पडलेल्या एका शेडमागं गाठलं. डबा उघडून बसलेला किडकिडीत, चाळिशीचा माणूस. खंडोजीनं त्याला कॉलरनं उचलून भिंतीवर आपटलं. डबा उलटला. वासुदेवनं झटापट केली, खंडोजीच्या मनगटाला कडकडून चावला. खंडोजीच्या तोंडून मराठीतून शिवी निघाली. वासुदेव चावायचा थांबला.

"अरे, तू आमच्याकडचा की रे! खानापूरचा मी. आमच्याकडचा तू. सोड रे बाबा, हात नको, पोटाचा हात हाय ह्यो..."

खंडोजीनं त्याला पालथा पाडला, पाठीत गुडघा रोवला, उजवा हात सिमेंटच्या कट्ट्यावर आडवा धरला आणि वरून लोखंडी पाइप हाणला. पहिल्या फटक्यात नुसती कातडी फाटली. दुसऱ्या फटक्याला हाड मोडलं. कोपराखाली पांढरं बाहेर आलं. वासुदेव ओरडला नाही, त्याला ओकारी झाली.

रविवारी खंडोजीनं शेडमध्ये टेप आणली. वासुदेवचं बोलणं त्यानं कापून टाकलं. ते मधे येत होतं. राहिलेल्यातून त्यानं तो एक आवाज उचलला आणि त्याच्याभोवती बांधत गेला. खाली घण, वर शिवणमशिनची टिकटिक, आणि नेमक्या रिकाम्या जागी तो कडाका. सगळं जमून आलं तेव्हा शेडमधली माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरीण नाचली, रोशन पिंपावर हात मारायला लागला, मैत्रेयीनं डोळे मिटून दोन्ही हात वर केले. संपल्यावर सगळे एकदम ओरडले. असं काम त्या शेडमध्ये आजवर कुणी केलं नव्हतं.

"खंडोजी, तो मधला आवाज काय आहे?" मैत्रेयी धापा टाकत म्हणाली. "तो कडाका. लाकूड?"

"हात."

"कसला हात?"

"माणसाचा. वासुदेव म्हणून हाय एक." तो अजून हसत होता.

रोशनला आधी ती थट्टा वाटली. मग त्याची नजर खंडोजीच्या मनगटावर गेली. तिथं दातांचा पुरा गोल उमटला होता.

मैत्रेयी दाराबाहेर जाऊन ओकली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आम्ही नाचलो त्याच्यावर," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला त्याच्यावर नाचवलंत." तिनं हातातला कप त्याच्या तोंडावर फेकला. तो त्याच्या भुवईवर फुटला.

"अण्णा, टेप घे आणि जा," रोशन म्हणाला. "परत येऊ नकोस."

खंडोजी गल्लीत आला तो संतापानं पेटलेला. यांनाच तर आवडलं होतं! चांगलं होतं ते चांगलंच होतं ना? त्यानं भिंतीवर मूठ हाणली आणि स्वतःचंच बोट मोडून घेतलं. घरी आल्यावर रक्त पुसायलाही न थांबता त्यानं टेप लावली, पहिल्यापासून, न कापलेली. अक्का शेजारच्या खोलीत मशिनवर काजं करत होती. कडाका यायच्या आधी वासुदेव बोलायला लागला. *आमच्याकडचा की रे. सोड रे बाबा.* खंडोजीनं हे रोशनच्या शेडमध्ये ऐकलं होतं, पण तेव्हा ते फक्त कापून टाकायचं काहीतरी होतं. आता त्याला दिसलं की या बोलण्यात आणि कडाक्यात बराच वेळ गेला होता. तेवढ्या वेळात त्याला हात सोडता आला असता.

शिवणमशिन थांबली होती. अक्का दारात उभी होती. "माझ्या घरात हे वाजवू नको," ती म्हणाली. "नाहीतर घर सोड."

दुसऱ्या दिवशी तो वासुदेवच्या घरी लग्गेरेला गेला. का गेला, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. वासुदेव खाटेवर होता, हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याला पाहताच वासुदेवनं पाय पोटाशी घेतले. बायको, सकवारबाई, खाली बसून पाट्यावर चटणी वाटत होती.

"ह्यात सगळं हाय," खंडोजी टेपरेकॉर्डर पुढं करत म्हणाला. "कोर्टात लावा. मी हाणलं ते ऐकू येतं." आणि त्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यानं बटण दाबलं.

खोलीत वासुदेवचा आवाज घुमला, गयावया करणारा. खाटेवरच्या वासुदेवनं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बायकोसमोर, त्या खोलीत, त्याला दुसऱ्यांदा मारलं जात होतं. "बंद कर," तो म्हणाला. "अरे, बंद कर की."

खंडोजी बटण शोधत होता. मोडक्या बोटानं ते दाबलं जाईना. कडाका वाजला, आणि सकवारबाई उठली. तिच्या हातात वरवंटा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डाव्या कानावर घातला. खंडोजी गुडघ्यावर आला. त्याचा हात सवयीनं वर उठला. त्या हातानं ती बाई दारापलीकडं जाऊन पडली असती. तो हात त्यानं जमिनीवर टेकवला. सकवारबाईनं पुन्हा घातला. कानातून रक्ताची धार मानेवर आली आणि डाव्या बाजूचं जग विझलं.

"पुरे," वासुदेव म्हणाला. "मरंल तो."

सकवारबाईनं टेप उपसून काढली आणि पेटत्या स्टोव्हवर धरली. काळा, घाणेरडा धूर झाला. "टेपा ऐकवतोस?" ती म्हणाली. "तुला तोंड न्हाई व्हय? जा, पोलिसात जा, आणि तोंडानं सांग."

तो गेला. कानावर फडकं दाबून ठाण्यात उभा राहिला आणि सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, फक्त गंगप्पाचं नाव तेवढं लिहिलं नाही. ते किती वेळा सांगितलं तरी पेन तिथं थांबायचं. खंडोजीला शिक्षा झाली. तुरुंगात गंगप्पाची माणसं होतीच. त्यांनी त्याला संडासात कोंडून बादलीच्या कडीनं झोडपलं. त्यानंही एकाचा खांदा उखडून ठेवला. तो साधू होऊन बाहेर पडला असं कुणी म्हणू नये. चांगला कान जमिनीला लावून झोपलं की सगळं एकदम बंद होतं, हे मात्र त्याला तिथं कळलं. त्या शांततेत त्याच्या डोक्यात ठोके यायचे. ते त्यानं मांडीवर वाजवून पाहिले. पैलवान शड्डू ठोकतो तसे, उघड्या तळव्यानं, आधी हळू, मग कातडी पेटेपर्यंत.

नव्याण्णवच्या पावसाळ्याअखेर तो सुटला आणि एका रविवारी बळेपेटेत जाऊन शेडबाहेर उभा राहिला. मैत्रेयी दारात आली.

"कुणाचा आवाज आणलाय?" तिनं विचारलं.

"माझाच."

"स्पीकर उचला आधी," ती म्हणाली. "मशिनला हात लावायचा की नाही, ते आम्ही ठरवू."

ठरवायला त्यांनी वेळ घेतला. डॉक्टरीण त्याच्याशी कधीच बोलली नाही. तो आला की ती निघून जायची. पण एका दुपारी रोशननं त्याच्यासमोर माइक ठेवला. खंडोजीनं सदरा काढला आणि स्वतःला मारायला सुरुवात केली. मांड्यांवर, दंडांवर, छातीवर, पोटावर. तालमीतला हुंकार, मातीत अंग पडल्याचा धप्प आवाज, फुटलेला श्वास. मैत्रेयीनं एकदा "बास" म्हटलं तरी तो थांबला नाही. त्यातून त्यानं जे बांधलं ते एकाच बाजूच्या स्पीकरमधून वाजायचं, कारण दुसरी बाजू त्याला ऐकूच येत नव्हती. रोशन ते दोन्हीकडं पसरवायला गेला तर मैत्रेयीनं त्याचा हात धरला.

त्या वर्षाच्या शेवटी आंबराईत भर उन्हात ते वाजलं. नाचणारे एकमेकांवर आदळत होते. एक मुलगी पडून तिचं नाक फुटलं, चार हातांनी तिला उचललं आणि ती रक्त पुसत पुन्हा आत घुसली. विमलाअक्का पदराचा बोळा कानात घालून कडेला उभी होती. तिला तो आग्रहानं घेऊन आला होता.

संपल्यावर ती म्हणाली, "कुणाला एवढं बडवलास रे?"

त्यानं बाही वर केली. दंड अजून काळानिळा होता. अक्कानं त्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि परतीच्या बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली.

गंगप्पा तसाच राहिला, जीप तेवढी नवी आली. वासुदेवचा हात वाकडाच जुळला. टर्नरचं काम गेलं, तो एका गोदामावर वॉचमन झाला. खंडोजी रोशनकडं स्पीकर वाहायला राहिला. एकदा लग्गेरेच्या बाजारात सकवारबाई समोर आली. तो बाजूला झाला. तीच थांबली, आणि त्याच्या चुरगळलेल्या कानाकडं बघत म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"एका बाजूनं."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून भाजीच्या गाड्याकडं गेली.